निरोप्याची जागा

नाटकात प्रॉम्प्टरइतका मोठा माणूस नाही आणि त्याच्याइतका लहानही नाही. अख्खं नाटक त्याला पाठ असतं आणि अख्ख्या नाटकात त्याचं नाव कुठंच नसतं. कॉलेजच्या नाट्यमंडळीत तीन वर्षं पडद्याआड खोक्यावर बसून भिकाजीला हे चांगलंच कळून चुकलं होतं. मांडीवर पुठ्ठ्याची वही घेऊन तो राजांना त्यांचं राजेपण आठवून द्यायचा आणि नायिकांना त्यांचं रडू. आवाज त्याचा असा की ज्याला हवा त्याच्याच कानात जावा, पुढच्या रांगेतल्याला पत्ता लागू नये. मंडळीचा म्होरक्या बाबुराव म्हणायचा, "भिक्या, तुझा आवाज म्हणजे आपली झाकली मूठ. ती उघडायची नाही." सगळे हसायचे. भिकाजीही हसायचा. सुट्टीत घरी आल्यावर बहिणीला हे सांगताना मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

१९१२ साली कार्तिकात शहरात प्लेगानं पुन्हा डोकं वर काढलं आणि कॉलेजला कुलूप लागलं. मुलं आपापल्या गावी पांगली. पण तालमीवाचून चैन पडेल तर ते नाटकवाले कसले? पौषापासून शिमग्यापर्यंतचा नवा हंगाम तोंडावर आला होता. भिकाजीच्या वडिलांची, रामचंद्रशेटांची, सुप्यात काळी नदीच्या काठी हिरड्याची मोठी वखार होती आणि माल अजून यायचा असल्यानं ती निम्मी रिकामी होती. भिकाजीनं बाबुरावाला पत्र टाकलं. आठ दिवसांत बाबुराव आणि मंडळीतले चौघे लोंढ्याला आगगाडीतून उतरले आणि जगलबेटावरून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करून घेत सुप्यात येऊन थडकले.

वखारीच्या मातीच्या भिंतीवर बाबुरावानं खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'येत्या हंगामाचे खेळ'. खाली तीन नावं. दोन पौराणिक आणि एक फार्स. चौथ्या आकड्यापुढं नुसती रेघ.

"चौथं असं हवं की कुणी पाहिलेलं नसेल," बाबुराव म्हणाला. "अमावास्येच्या आत यादी बेळगावच्या छापखान्यात जायला हवी. जो कुणी नाटक आणील, त्यानं त्यात हवं ते काम मागून घ्यावं. माझं का असेना, मी सोडीन."

बाबुरावाचं काम मागायची छाती कुणाची नव्हती. पण भिकाजीनं त्या रिकाम्या रेघेकडे असं पाहिलं की बाबुरावाला हसू आलं.

हे सगळं रात्री भिकाजीनं ताराला सांगितलं. तारा त्याची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, त्याला आता चार वर्षं झाली होती. आईनं स्वयंपाकघर तिच्यावर सोडलं नव्हतं आणि देवघर तर नाहीच नाही. ती घरभर हिंडायची आणि कुणाच्या तरी हातातलं काम घ्यायला जायची, ते काम तिच्या हातून काढून घेतलं जायचं. भिकाजीची नाटकं हाच तिचा विरंगुळा. तो वहीतून वाचायचा, ती समोरच्या पात्राचं उत्तर द्यायची. साऱ्या जगात भिकाजीचं पूर्ण वाक्य ऐकून घेणारं असं हे एकच माणूस होतं.

"तू कवा बोलणार रे, अण्णा?" तिनं विचारलं. "लोकांस्नी बोलायला शिकवतोस, आन् सोता मुका."

"बोलेन," भिकाजी म्हणाला. "या हंगामात बोलेन."

तिसऱ्या दिवशी दुपारी दिग्गीकडच्या रानातून झिलू हिरडा घेऊन आला. पाटेगाळी नावाची अकरा घरांची वाडी होती, तिथला हा म्हातारा. दरसाल माल घेऊन यायचा, ओसरीवर बसून पेज प्यायचा आणि परत जायचा. त्या दिवशी तो वखारीच्या दारात तालीम बघत उभा राहिला. बाबुराव छाती काढून राजाचं भाषण ठोकत होता. झिलूनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मान वाकडी करून पोत्यांच्या थप्पीकडे बघत होता. थप्पीमागं वही घेऊन भिकाजी बसला होता.

तालीम थांबल्यावर झिलू सरळ थप्पीमागं आला.

"ह्यो आवाज तुझा व्हय?"

भिकाजी दचकला. तीन वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. "तुला ऐकू आला?"

"त्योच आयकत हुतो. आमच्या खेळात ह्या आवाजाचं एक सोंग हाय. रिकामं हाय." झिलूनं जरा थांबून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "परवा खेळ हाय आमचा. बघायचा तर ये. दिसाचाच आसतुया. सांजच्याला वाघ पाण्यावर उतरतो, तवा आमी दिवेलागणीच्या आत उरकतो."

भिकाजीच्या डोक्यात ती खडूची रेघ चमकली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या परशूची गाडी ठरवून तो झिलूबरोबर निघाला.

वाट बांबूच्या बेटांतून होती. नंतर किंदळ आणि माट्टीची उंच झाडं लागली, आणि गाडी जाईना तेव्हा परशूला ओढ्याकाठी ठेवून भिकाजी झिलूमागून पायी चालला. पाटेगाळीत पोचेस्तोवर दिवस कलला, मुक्काम तिथंच. वाडी साधीच. गवताची छपरं, अंगणात वाळत घातलेली नाचणी, कुंपणाला लगडलेले कणगी कंदाचे वेल. अकरा घरं एका ओळीनं आणि त्यांच्यामध्ये बारावं जोतं. नुसतं जोतंच, वर ना भिंत ना छप्पर. पण शेणानं ते कालच सारवल्यासारखं होतं, बोटांचे फेर स्पष्ट दिसत होते.

खेळ दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यावर सुरू झाला. भिकाजी वही-पेन्सिल घेऊन कडेला बसला. शेजारी पुतळी नावाची म्हातारी बसली होती. तिनं त्याला समजावून सांगितलं ते असं. इथं सोंगं माणसांची नसतात, घरांची असतात. राजा झिलूच्या घरचा, सुईण फुलाच्या घरची, कोळी लखूच्या घरचा. बापामागून लेक, लेकामागून नातू. मुखवटा ज्याच्या त्याच्या आढ्याला वर्षभर टांगलेला असतो. एकाचं सोंग दुसऱ्यानं घ्यायचं नाही.

"आन् ते बारावं घर?" भिकाजीनं जोत्याकडे बोट दाखवलं.

"निरोप्याचं घर. ते बुजलं. माझ्या आजीच्याबी आदी बुजलं. जागा ठेवल्या त्याची."

सुपारीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचे, मुखवटे घातलेली अकरा सोंगं गोल उभी राहिली. बारावी जागा मोकळी होती. ढोल एकदाच वाजला आणि थांबला. मग लखूचा कोळी एक पाऊल पुढं आला, समोर कुणी उभं असल्यासारखी त्यानं मान किंचित कलती केली आणि तो थांबला.

प्रॉम्प्टरला ही शांतता फार ओळखीची असते. समोरचा वाक्य विसरला की अशीच पडते. भिकाजीचे ओठ आपोआप हलले, पण द्यायला वाक्यच नव्हतं. नाडीचे सात ठोके गेले. मग कोळी खणखणीत आवाजात म्हणाला, "येतो रं बाबा. पन जाळं आजून पान्यात हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सुईण पुढं आली. तिनंही मान कलती केली. सात ठोके. "येते की. पन गाय आज-उद्या व्यायची हाय."

मग गुराखी. मग सोनार. प्रत्येकाची तीच सात ठोक्यांची शांतता आणि प्रत्येकाचं काहीतरी अर्धं राहिलेलं काम. कुणाच्या छपराला गवत घालायचं होतं, कुणाची भिंत निम्मी उभी होती. भिकाजी भराभर लिहीत होता. निरोप्याचे शब्द कुणालाच येत नव्हते, तरी उत्तरांवरून ते उघड होते. वाक्याचा साचाच समोर पडला होता, आत शब्द ओतायचे तेवढे बाकी होते. त्यानं वहीत लिहिलं, 'चल, तुला बोलावलंय.' मनात सावकाश, शब्दाशब्दावर थांबत म्हणून पाहिलं. म्हणायला बरोबर सात ठोके लागत होते.

त्याच वेळी त्याला एक गोष्ट दिसली आणि ती त्याला आवडली नाही. खळ्यात एक कुत्रं आडवं पडलं होतं. गुराख्याचं उत्तर झालं तेव्हा ते उठलं, कुणाला वाट द्यावी तसं बाजूला झालं आणि सोनाराचं उत्तर सुरू होण्याआधी पुन्हा येऊन पडलं.

"निरोप कुणाचा असतो?" त्यानं पुतळीला हळूच विचारलं.

"ते कुनी इचारत न्हाई," पुतळी म्हणाली. "न्हाई म्हनलं तर राग येतो. व्हय म्हनलं तर घेऊन जातो. म्हनून व्हयबी म्हनायचं आन् कामबी सांगायचं. का तर राहिलेलं काम पुरं व्हईस्तोवर त्यो थांबतो. वर्साला एकदा इचारतो, वर्साला एकदा सांगायचं."

शेवटी झिलूचा राजा पुढं आला. त्यानं मान कलती केली. शांतता पडली. खळ्यावर ऊन होतं, पाचोळा हलत नव्हता, आणि ती शांतता भिकाजीला सहन झाली नाही. त्यात त्याचा दोष म्हणावा तर फार थोडा. चुलीवरचं दूध वर आलं की बाईचा हात आपोआप जातो, तसा तीन वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून तो नेहमीचा, दबका, नेमका आवाज गेला.

"चल, तुला बोलावलंय."

झिलू चुकला नाही. "येतो रं बाबा," तो म्हणाला, "पन नातवाचं लगीन व्हायचं हाय." फक्त त्याचा मुखवटा या वेळी समोरच्या रिकाम्या जागेकडे नव्हता. तो भिकाजीकडे वळला होता.

भिकाजीला वाटलं, आता हे लोक आपल्याला झोडपणार. पण उलट त्यालाच जेवायला पहिलं पान वाढलं, आणि ते पान त्या सारवलेल्या जोत्यावर मांडलं. तो जेवत असताना आजूबाजूला कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तो वाडीतून चालू लागला तेव्हा घराघरातून माणसं दारात आली. तो निरोप घेण्यासाठी हात जोडायचा, तोंडही उघडलेलं नसायचं, समोरचं माणूस जरा थांबायचं, मान कलती करायचं आणि म्हणायचं, "येतो, पन नाचनी दळायची हाय." पुढच्या दारात, "येते, पन लेक बाळंतपनाला आलीया." अकराही दारांत असंच झालं. झिलू वाट दाखवायला आला नाही. ओढ्यापर्यंत भिकाजी एकटाच उतरला, पाय जरा जास्तच भरभर उचलत.

खेडवळ थट्टा, असं त्यानं स्वतःला बजावलं. तो शिकलेला मुलगा होता, तर्कशास्त्राच्या पेपरात पहिला आलेला. सुप्याला पोचेस्तोवर त्याला फक्त नाटक दिसत होतं.

घरी आल्यावर एक गंमत झाली. लोक त्याचं ऐकून घेऊ लागले. रामचंद्रशेट कधी मुलाचं अर्धं वाक्यही पुरं होऊ द्यायचे नाहीत, ते आता तो बोलू लागला की थांबायचे, त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे आणि मगच उत्तर द्यायचे. परशूचं तसंच, मंडळीतल्या पोरांचंही तसंच. बोलताना त्यांची नजर त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला असायची, पण एवढं कोण बघतो? भिकाजी खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शब्दाला वजन आलं असं त्याला वाटलं आणि खरं सांगायचं तर त्याची चाल बदलली.

एकट्या तारानंच कपाळाला आठ्या घातल्या. "अण्णा, घसा बसलाय काय तुझा? ओठ हलताना दिसत्यात, पन मला न्हाई नीट आयकू येत."

"दगदग झाली जाण्यायेण्याची," तो म्हणाला. तिला जवळ बसवून, अगदी कानाशी लागून त्यानं सगळा खेळ सांगितला, उत्तरांची युक्तीही सांगितली. ती ऐकताना एकदाही हसली नाही.

बाबुरावाला मात्र नाटक ऐकताऐकताच स्फुरण चढलं. "अरे, काय चीज आणलीस तू! एक माणूस येतो, एकेकाला बोलावतो. बस्स! पडदे नकोत, पदं नकोत." तो वखारीत येरझारा घालू लागला. "फक्त एक गोष्ट. हे सगळेच सबबी सांगतात, हे चालायचं नाही. अकरा माणसं आणि अकरा पळपुटे? प्रेक्षक घोरायला लागतील. आपण पाचच पात्रं ठेवू. पाचही जण नुसतं 'येतो' म्हणतील आणि एकेक करून आत जातील. रंगभूमी रिकामी होत जाईल. शेवटी निरोप्या एकटा. पडदा! भिक्या, लोक टाळ्या वाजवायलासुद्धा विसरतील."

भिकाजीनं तोंड उघडलं. पुतळीचं बोलणं त्याच्या जिभेवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की उत्तरं तेवढी बदलू नका.

"आणि निरोप्या तू," बाबुराव म्हणाला. त्यानं खडू घेतला, चौथ्या रेघेवर 'निरोप्या' असं नाव लिहिलं आणि त्यापुढं, इतरांहून मोठ्या अक्षरांत, भिकाजीचं नाव. "उद्या यादी बेळगावला जाते. काही म्हणायचंय तुला?"

आता काही बोललो तर हा वाद घालील. वाद घातला तर चिडेल, चिडला की नाटकच काढून टाकील. भिकाजी बाबुरावाला ओळखत होता. भिंतीवर स्वतःचं नाव होतं, पांढरंशुभ्र, तीन वर्षांनी. जिभेवर आलेलं त्यानं गिळलं.

"काही नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तालीम ठेवली. वखारीची दोन्ही दारं सताड उघडी होती. पुढच्या दारातून अंगण आणि घर दिसत होतं, मागच्या दारातून रस्ता. हिरड्याचा तुरट वास, उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ, नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं त्याचा आवाज. पाच जण अर्धगोलात उभे राहिले. पोत्यांच्या थप्पीमागचं खोकं आज रिकामं होतं, कारण प्रॉम्प्टर स्वतःच रंगभूमीवर होता.

भिकाजी पुढं झाला. नायिकेची कामं करणारा गोरटेला मुलगा पहिला होता. भिकाजीनं छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या वर्षांचा साठवलेला आवाज मोकळा सोडला.

"चल! तुला बोलावलंय!"

घशाला ताण जाणवला. छातीत घुमलंसुद्धा. पण वखारीत धुण्याचा आवाज होता तसाच ऐकू येत राहिला.

मुलानं मान किंचित कलती केली. सात ठोके थांबला.

"येतो," तो म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

ही मान कलती करायची लकब भिकाजीनं कुणालाही दाखवली नव्हती. वहीतही लिहिली नव्हती.

दुसऱ्यापुढं तो आणखी मोठ्यानं ओरडला. दुसरा थांबला. "येतो." तिसरा. चौथा. प्रत्येक जण शांतपणे, कामं आटोपून घरी निघालेल्या माणसासारखा, मागच्या दारानं गेला.

बाबुराव राहिला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"भिक्या, ही शांतता!" तो भिकाजीच्या खांद्याबाजूला बघत म्हणाला. "निरोप्याला बोलू द्यायचंच नाही, ही कल्पना तुझीच ना? काय थंडगार वाटतं!"

"मी बोलतोय," भिकाजी म्हणाला. "बाबुराव, मी ओरडतोय. उत्तर देऊ नकोस. नाहीतर काम सांग, काहीतरी काम सांग!"

बाबुराव थांबला. हे सगळं बोलून होईपर्यंत, अगदी शेवटचा शब्द संपेपर्यंत तो मान कलती करून थांबला.

"येतो," तो म्हणाला.

त्यानं कोपऱ्यातले पंपशू पायांत घातले, कोटाची बटणं लावली आणि गेला.

भिकाजी मागच्या दाराकडे धावला. पाचही जण रस्त्याला लागले होते. बाकीचा गाव ज्या घाटाकडे जातो तिकडे नव्हे, दिग्गीच्या रानाकडे. एकामागून एक, गप्पा न मारता. सर्वांत पुढं चालणारा गोरटेला मुलगा आपल्यापुढं एका माणसाची जागा सोडून चालला होता.

त्यानं हाका मारल्या. प्रत्येक हाकेला ते सगळे एकदम थबकत, तिच्याइतकाच वेळ थांबत आणि पुन्हा चालू लागत.

"अण्णा?"

तारा पुढच्या दारात उभी होती. हातात तालीमवाल्यांसाठी आणलेलं पोह्यांचं ताट होतं. ती वखारीत नजर फिरवत होती. नजर त्याच्यावरून दोनदा गेली.

"तारा, मी इथं आहे. दिसतोय का तुला?"

ती थांबली. मान किंचित कलती झाली. "व्हय की," ती हसून म्हणाली, त्याच्यापासून हातभर अंतरावर बघत.

साऱ्या जगात त्याचं ऐकणारं हे एकच माणूस होतं. तो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला, तिच्या पदराचा शेव त्यानं धरला आणि रडत रडत, शब्द तोडून तोडून बोलू लागला. "तुला कुणी चल म्हटलं तर काम सांग. मी सांगितलं होतं ना, तुला ठाऊक आहे. कसलंही सांग. पाणी भरायचंय म्हण, आईचे पाय चेपायचेत म्हण. एक काम सांग, तारा."

ती पूर्ण वेळ थांबली. मग तिनं पोह्यांचं ताट हलकेच पोत्यावर ठेवलं.

"काम कसलं, अण्णा?" ती म्हणाली. आवाजात कसलीच तक्रार नव्हती. "माझ्या हातात कोन काम ऱ्हाऊ देतंय?"

भिकाजीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. श्वाससुद्धा सोडला नाही. आता आपण बोलायचंच नाही. काहीच बोललो नाही, तर उत्तर तरी कशाला देईल ती?

तारानं मान कलती केली.

त्याच्या मनगटाची नाडी त्याच्याच गालावर उडत होती. त्यानं ठोके मोजले. सात.

"आले," तारा म्हणाली.

तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि ती बाजूला झाली, दारातून आधी कुणाला तरी बाहेर जाऊ द्यावं तशी. मग आपण मागोमाग निघाली. अंगणात ती एकदा हसली आणि पुढं बघत बोलली, "हळू चाल की रे, अण्णा."

भिकाजी अजून वखारीत गुडघ्यांवरच होता.